विज्ञानाचा घटक शिकवण्याआधी मुलांचे गैरसमज कसे ओळखावेत?

नवा घटक सुरू करण्याआधी प्राथमिक वर्गातील मुलांचे गैरसमज हेरण्यासाठी लेखी पूर्वचाचणी पुरेशी आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते एका शब्दात उत्तर मागणारी चाचणी पुरत नाही, कारण बरोबर उत्तराच्या आड चुकीची कल्पना सहज लपून राहते. पृथ्वीचा आकार विचारला की बहुतेक मुले ‘गोल’ म्हणतात. मात्र स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रुअर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना चित्रे काढायला लावून, सरळ चालत राहिले तर कुठे पोहोचू, असे खोदून विचारले, तेव्हा कुणाच्या मनात थाळीसारखी चपटी पृथ्वी निघाली, कुणाच्या मनात आत सपाट जमीन असलेला पोकळ गोळा, तर काहींच्या मनात चक्क दोन पृथ्व्या होत्या: आपण राहतो ती सपाट आणि आकाशातली गोल.

म्हणून प्रश्न असा असावा की मुलाला अंदाज बांधून त्याचे कारणही द्यावे लागेल. उष्णतेच्या पाठाआधी मी बर्फाचे दोन सारखे खडे घेतो, त्यातला एक लोकरीच्या कापडात गुंडाळतो आणि आधी कोणता वितळेल ते कारणासह वहीत लिहायला सांगतो. ‘गुंडाळलेला, कारण लोकर गरम असते’ हे उत्तर हमखास येते. लोकर स्वतःच उष्णता निर्माण करते, अशी मुलांची समजूत त्यातून उघड होते. वास्तविक ती बाहेरची उष्णता बर्फापर्यंत सावकाश पोहोचू देते, त्यामुळे उघडा खडा आधी वितळतो. विरघळलेल्या साखरेचे वजन किंवा झाडाचे अन्न यांविषयीही असेच विचारता येते.

या टप्प्यावर चूक सुधारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ‘असे का वाटते?’ हा प्रश्न बरोबर उत्तर देणाऱ्यालाही त्याच स्वरात विचारावा. अन्यथा कारण फक्त चुकणाऱ्यालाच विचारले जाते हे मुलांच्या चटकन लक्षात येते आणि ती मनातले न सांगता शिक्षकांना हवे ते सांगू लागतात.

वह्या तपासताना गुण देऊ नयेत, तर सारख्या कारणांचे गट पाडावेत, कारण पाठाची आखणी त्या गटांवरूनच करता येते. ‘लोकर गरम असते’ म्हणणारा गट मोठा असेल, तर मी पाठाची सुरुवात व्याख्येने न करता लोकरीत तापमापी गुंडाळून करतो आणि तिचा आकडा चढेल का, याचा अंदाज आधी त्याच मुलांकडून घेतो.