भूकंपानंतर शहरात शौचालयांची सोय उभी करायची, तर सुरुवात कुठून करावी?

किती शौचालयं लागतील, असं तुम्ही विचारलंय. मदतकार्यात सर्रास वापरले जाणारे स्फिअर निकष सांगतात की सुरुवातीला ५० माणसांमागे एक आणि जमेल तितक्या लवकर २० माणसांमागे एक. बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. पण कळकळीने सांगतो, शौचालयं मोजण्याआधी मैला कुठे जाणार ते ठरवा.

खेड्यात खड्डा भरला तर दुसरा खणता येतो. शहरात छावणी पडते चौकात, शाळेच्या आवारात, काँक्रीटवर. तिथे खणायचं कुठे? टाकी ठेवावी लागते आणि ती सतत उपसावी लागते. म्हणून मी आधी टँकरचा रस्ता बघतो. ढिगाऱ्यातून गाडी आत येईल का? भरलेला टँकर रिकामा कुठे होईल? शौचालयात कचऱ्याचा डबा नसेल, तर चिंध्या, सॅनिटरी पॅड, बाटल्या सगळं टाकीत जातं. पाइप तुंबतो आणि कुणाला तरी आकड्याने ते ओढून काढावं लागतं. हे काम कुणाच्याही वाट्याला येऊ नये. डबा पहिल्या दिवसापासून हवाच, आणि तो रोज रिकामा करणारा माणूसही.

हैतीत १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये मलवाहिन्यांचं जाळं मुळात नव्हतंच. छावण्यांतला मैला कचरा डेपोतल्या उघड्या खड्ड्यांत ओतला जात होता. प्रक्रिया केंद्र सुरू व्हायला २०११ उजाडलं. दरम्यान ऑक्टोबर २०१० मध्ये कॉलरा आला, तोही राजधानीबाहेरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून नदीत गेलेल्या मैल्यातून. जवळपास १०,००० माणसं गेली. मदतीला येणाऱ्यांच्या छावणीचीही तपासणी करा म्हणतो, ते यासाठी.

जिथे ड्रेनेज आहे तिथलं दुखणं वेगळं. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला फेब्रुवारी २०११ च्या भूकंपाच्या धक्क्यात जमिनीतली वाळू पातळ होऊन फुटलेल्या वाहिन्यांत शिरली. जमीन खचली आणि पाइपांचा उतारच बिघडला. मैलापाणी उतारावरच वाहतं, त्यामुळे नुसतं सांधून भागत नाही. तिथे काही भागांत मैलापाणी दाबाने ढकलणाऱ्या किंवा निर्वाताने खेचणाऱ्या वाहिन्या टाकल्या. होतं तसंच पुन्हा बांधायची घाई करू नका.

आणि पैशांचं पहिल्याच बैठकीत बोला. शौचालयं बांधायला देणगी मिळते, उपसायला मिळत नाही. संस्था निघून गेल्यावर टँकरचं डिझेल आणि कामगारांचा पगार कोण देणार, हे पालिकेकडून लेखी घ्या.