सायलेन्सिंग म्हणण्याआधी पाकीट बघा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. टी2 (जनुक घातल्यानंतरच्या दुसऱ्या पिढीच्या) भाताच्या दाण्यांत मार्चमध्ये बीटा-कॅरोटीन, म्हणजे व्हिटॅमिन ए देणारं पिवळं रंगद्रव्य, छान दिसलं, ऑगस्टमध्ये त्याच दाण्यांत निम्म्याहून कमी. झाडावर भरत असलेल्या कोवळ्या दाण्यांतलं ट्रान्सक्रिप्ट (जनुकाची आरएनए नक्कल) मात्र ठीक होतं. आणि आता सायलेन्सिंग झालं, म्हणजे घातलेलं जनुक गप्प बसलं, असं धरून प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) बदलू का, असं विचारताय. थांबा. मधले पाच महिने ते दाणे होते कुठे?

माझे कागदी पाकिटांत होते, टेबलाच्या खणात. मोजणीत तुलनेला लागणाऱ्या शुद्ध बीटा-कॅरोटीनची, म्हणजे स्टँडर्डची, फाईल आमच्या परचेस सेक्शनने सात महिने फिरवली. तीन कोटेशन्स का नाहीत, व्हिटॅमिन म्हणजे औषध का, सही निळ्या शाईत का नाही! कुपी आली ती ऐन पावसाळ्यात. रीडिंग तळाला. सोललेला दाणा पिवळाधमक असताना मी स्वतः पाहिला होता, तरी 'सायलेन्सिंग' असा निकाल देऊन मोकळा झालो. ग्लुटेलिन या दाण्यातल्या प्रथिनाचा प्रमोटर काढला, दुसरा लावला, आयबीएससीकडे (संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे) पुन्हा अर्ज, पुन्हा कॅलस (ज्यातून नवी रोपं उगवतात तो पेशींचा गोळा). दोन वर्षं गेली. नव्या लाईन्सचे दाणेही त्याच खणात! कॅरोटीन हवेने, उबेने खाल्लं होतं. ऑफिसला कितीही शिव्या घातल्या तरी दाणे उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये न ठेवणारा मीच.

तसाही प्रमोटरवर सगळ्यांचा उगाच राग असतो. 2000 सालच्या गोल्डन राइसमध्ये, म्हणजे कॅरोटीनसाठी जनुकं घातलेल्या पहिल्या भातात, ग्रॅममागे 1.6 मायक्रोग्रॅम कॅरोटेनॉइड होतं. 2005 मध्ये उत्तम लाईन 37 पर्यंत गेली, ती मुख्यतः फायटोइन सिंथेज हे कॅरोटीन घडवणाऱ्या साखळीतलं एन्झाइम डॅफोडिलच्या जागी मक्याचं आणल्यामुळे. घोडं एन्झाइमपाशी अडलं होतं.

मी आता बेंचवर नाही आणि भाताबाहेरचं मला विचारू नका. पण तुमच्या जागी असतो तर त्याच लाईनची ताजी लोंबी आणि जुनं पाकीट एकाच एचपीएलसी (रंगद्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) बॅचमध्ये चालवलं असतं, शेजारी त्याच ट्रेमधलं जनुक नसलेलं भावंड. तीन दिवसांचं काम. जुनंच तेवढं पडलेलं निघालं तर क्लोनिंगला हात लावू नका. ताजंही पडलेलं असेल तर मात्र सायलेन्सिंगचा विचार करा, मी चुकलो म्हणेन.

पुढच्या वेळी साळ तशीच ठेवा, पॉलिश मोजायच्या दिवशी. पाकिटावर कापणीची तारीख पेन्सिलीने. जेल पेनची शाई फ्रीजरमधून काढल्यावर फिसकटते. आणि पुढच्या स्टँडर्डची फाईल आजच टाका.