वाचकांचे प्रश्न : हस्ते पाठवलेली चिठ्ठी आणि पन्नास रुपयांचा दंड

प्रश्न : ऐंशीच्या दशकात माझे आजोबा बांद्याच्या आत्याला निरोप धाडायचा झाला की चिठ्ठी लिहून बसच्या कंडक्टरच्या हाती देत. पंधरा पैशांचे कार्ड वाचले, याचा त्यांना फार आनंद. तो गुन्हा होता, असे अलीकडे कोणीतरी सांगितले. हे खरे आहे का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : खरे आहे, आणि आजोबांबरोबर बिचारा कंडक्टरही त्यात सापडला असता. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याच्या चौथ्या कलमाने पत्रे वाहून नेण्याचा अधिकार केवळ सरकारकडे ठेवला होता. मात्र त्याच कलमात काही मोकळ्या वाटाही होत्या. प्रवासाला निघालेल्या स्नेह्याने काही मोबदला न घेता पत्र पोहोचते केले तर चालत असे, आपल्याच कामाचे पत्र देऊन खास माणूस धाडला तरी चालत असे. पाकिटावर ‘हस्ते चि. अमुक’ असे लिहून शेजारच्या मुलाबरोबर पत्र पाठवण्याची आपली जुनी रीत त्यामुळे कायद्यात बसत होती.

कंडक्टर मात्र स्नेही असला तरी अडचण होती. पाचव्या कलमाने उतारू किंवा माल वाहण्याचा धंदा करणारे आणि त्यांचे नोकर यांना पत्रे घेण्यास व पोहोचवण्यास स्पष्ट मनाई केली होती, मग त्यांनी त्याबद्दल एक पैसाही न घेतला तरी! नदीतून आणि बंदरांमधून ये-जा करणाऱ्या जहाजांचे मालक व तांडेल यांनाही हीच मनाई होती. कलमाचा शब्दशः अर्थ लावला, तर रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीवरील खलाशाने कोणाचे प्रेमपत्र खिशात घातले असते, तरी तो दंडास पात्र ठरला असता.

सवलत होती ती मालासोबतच्या चिठ्ठीला. ‘सोबत पन्नास नारळ पाठवीत आहे, मोजून घ्यावेत’ एवढाच मजकूर असेल, तर पोत्याबरोबर ती चिठ्ठी बिनधास्त जाई. पण कायद्याने ‘केवळ मालासंबंधी’ अशी अट घातली होती, त्यामुळे खाली ‘ताईचे लग्न ठरले, वैशाखात यावे’ ही ओळ आली की सवलत संपली. नारळाच्या चिठ्ठीत घरची खबर न लिहिणारा माणूस आपल्याकडे सापडणे कठीण, हे कायदा करणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसावे.

दंड दर पत्रामागे पन्नास रुपयांपर्यंत होता. १८९८ साली पोस्टकार्ड पाव आण्याला मिळे, म्हणजे पन्नास रुपयांत ३,२०० कार्डे आली असती. आज कार्ड पन्नास पैशांना आहे आणि तेवढ्याच रकमेत शंभर कार्डे येतात. आकडा तोच राहिला आणि त्याची जरब तेवढी विरून गेली.

एवढी कडक मनाई कशासाठी, याचे उत्तर टपालखर्चाच्या इतिहासात आहे. १८३७ च्या दरांनुसार पत्राचे शुल्क वजनाबरोबर अंतरावरही अवलंबून होते, आणि कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याच्या पत्रास एक रुपया पडे. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, ते शेजारच्या गावी जावो की दुसऱ्या टोकाला, अर्धा आणा असा एकच दर झाला. एकच दर ठेवायचा तर जवळच्या, सोप्या पत्रांतून सुटणारा पैसा दूरच्या, अवघड वाटांवर खर्चावा लागतो. ही सोपी पत्रे खाजगी माणसांनी पळवली, तर सरकारच्या गळ्यात फक्त डोंगरकपारीतली गावे उरतात. माझ्या मते या कलमामागचा हिशेब खरा होता, मात्र फुकट चिठ्ठी नेणाऱ्या कंडक्टरपर्यंत त्याचा हात पोहोचायला नको होता. नंतरच्या काळात कुरियरवाले पावतीवर ‘पत्र’ऐवजी ‘दस्तऐवज’ असे लिहून उघडपणे धंदा करीतच राहिले. अखेर २०२३ चा नवा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला आणि पत्रांवरील हा एकाधिकार संपला. टपाल तिकिटे काढण्याचा अधिकार तेवढा टपाल खात्याकडे राहिला आहे.

प्रश्न : नॉटपेड, म्हणजे तिकीट न लावलेले किंवा कमी लावलेले, पत्र घेणे बंधनकारक होते का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : नव्हते. न उघडता लगेच परत केले की घेणारा सुटे आणि रक्कम पाठवणाऱ्याकडून वसूल करता येई. उघडले मात्र, की कमी पडलेल्या तिकिटाच्या दुप्पट पैसे पोस्टमनच्या हाती ठेवावे लागत. जुन्या कायद्यात आणखी एक मजेशीर तरतूद होती. केवळ छळण्याच्या हेतूने कोणी असे पत्र धाडले आहे, अशी पोस्टमास्तर जनरलची खात्री पटली, तर ते शुल्क माफ करू शकत. नॉटपेड पत्रांचा भडिमार करून वैर काढणारे महाभाग असल्याखेरीज कायद्यात हे लिहावे लागले नसते.

प्रश्न : आजीच्या पेटीत पोर्तुगीज तिकीट लावलेला एक लिफाफा सापडला असून त्यावर जानेवारी १९६२ चा शिक्का आहे. मुक्तीनंतर हे तिकीट चालले कसे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, तरी येथे भारतीय टपाल तिकिटे सुरू झाली ती २९ डिसेंबरला. लोकांच्या घरात जुनी तिकिटे शिल्लक होती, म्हणून ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत स्वीकारली गेली. पोर्तुगीज भारताची पहिली तिकिटे १ ऑक्टोबर १८७१ रोजी निघाली होती. नव्वद वर्षांच्या त्या व्यवहारातले अगदी शेवटचे दिवस आपल्या लिफाफ्यावर उमटले आहेत. तिकीट सोडवण्यासाठी लिफाफा पाण्यात भिजवू नये, कारण येथे तिकिटापेक्षा त्यावर पडलेला तारखेचा शिक्का मोलाचा आहे.