बाथरूमची कडी

“खपल्या काढायची सवय मला काही केल्या सुटत नाही. माझ्या लहानपणी काहीतरी भयंकर घडले असेल आणि ते मी विसरले असेन, असा याचा अर्थ होतो का?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून अलीकडे माझ्यासमोर वारंवार येतो. प्रश्न विचारणारी व्यक्ती बहुधा घाबरलेली असते आणि तिला घरून मिळालेले उत्तर अगदी उलट असते, ते म्हणजे “ही नुसती घाणेरडी सवय आहे, मनावर घेतलेस तर उद्या सुटेल.” या दोन्ही समजुतींमुळे माणसाचे नुकसान होते, असे माझे मत आहे. त्यामागचे कारण मी एका स्त्रीच्या अनुभवातून सांगते. तिची संमती घेतलेली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती तिशीच्या जवळ आलेली होती. त्वचारोगतज्ज्ञांनी खरूज, इसब यांसारखी कारणे तपासून पाहिली, त्यांपैकी काहीच नाही अशी खात्री करून घेतली आणि मगच तिला माझ्याकडे पाठवले. हा क्रम योग्य आहे, कारण मूळ खाज त्वचेच्या आजारातून येत असेल तर केवळ बोलण्याने ती थांबणार नाही. तिच्या दंडांवर, खांद्यांवर आणि नखांच्या कडांना निरनिराळ्या वयाच्या जखमा होत्या, काही ओल्या, काही नुकती खपली धरलेल्या आणि काहींचे केवळ काळसर डाग उरलेले. पहिल्याच भेटीत ती म्हणाली, “मी स्वतःला इजा करून घेते असं सगळ्यांना वाटतं. पण ताई, मला इजा करायची नसते, मला ती जागा गुळगुळीत करायची असते.”

हे वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले, कारण या विकाराचा गाभाच त्यात आलेला आहे. बोटाला एखादा खडबडीतपणा लागतो, पुटकुळीचे टोक किंवा खपलीची सुटलेली कड लागते, आणि ती काढून टाकल्याखेरीज चैन पडत नाही. काढली की क्षणभर सुटल्यासारखे वाटते, मग रक्त दिसते, लाज वाटते, आणि दोन दिवसांनी तिथेच नवी खपली धरते, म्हणजे बोटांना पुन्हा काम मिळते. काही वेळा हे वाचताना किंवा पडद्याकडे बघताना नकळत चालू असते, तर काही वेळा आरशासमोर सगळे लक्ष एकवटून केले जाते. बहुतेकांमध्ये हे दोन्ही प्रकार मिसळलेले आढळतात.

आपल्याशिवाय जगात असे कोणीच करत नसेल, अशी तिची खात्री होती. म्हणून मी तिला सांगितले की इंग्लंडमधील त्वचारोगतज्ज्ञ इरॅस्मस विल्सन यांनी 1875 मध्ये आणि फ्रान्समधील लुई ब्रोक यांनी 1898 मध्ये अशा रुग्णांविषयी लिहून ठेवले आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत या विकाराला ‘एक्सकोरिएशन डिसऑर्डर’ या नावाने स्वतंत्र स्थान दिले आणि त्याला ओसीडीच्या, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकाराच्या, कुळात बसवले. हे ऐकून तिला रडू आले. आपल्या त्रासाला नाव आहे, एवढ्यानेही माणसाच्या मनावरचे केवढे ओझे उतरते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पहिल्या काही आठवड्यांत मी तिच्या बालपणाविषयी मुद्दाम काहीच विचारले नाही. तिला एक लहान वही दिली आणि सांगितले की थांबण्याचा प्रयत्न सध्या करू नका, फक्त नोंद ठेवा, म्हणजे किती वाजता, कुठे, शरीराच्या कोणत्या भागावर, किती वेळ आणि त्याच्या अगदी आधी काय घडले होते. वही भरत गेली तशी एक गोष्ट तिला स्वतःलाच दिसू लागली. सर्वांत लांबलेले प्रसंग बाथरूममध्ये, दाराला कडी लावून घडत होते, आणि त्यांच्या आधी बहुतेक वेळा वडिलांचा फोन आलेला असे किंवा कोणाचा तरी आवाज चढलेला असे, मग तो शेजारच्या घरातला का असेना.

पाचव्या भेटीत ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “आमच्या घरात आतून कडी लागायची अशी ती एकच खोली होती.” वडिलांचा संताप सुरू झाला की ती लहानपणी तिथे जाऊन बसत असे आणि बाहेरची आदळआपट थांबेपर्यंत गुडघ्यावरची खपली सोलत राही. तेवढा वेळ तिला बाहेरचे आवाज ऐकू येत नसत. ही आठवण ती कधीच विसरलेली नव्हती, फक्त तिची आणि खपल्यांची सांगड तिने आजवर घातलेली नव्हती.

दीर्घकाळ भीतीत वाढलेले शरीर धोका टळल्यावरही सावध राहते, थोड्या आवाजाने दचकते, किंवा उलट इतके बधिर होते की आपण आपल्यातच नाही असे वाटते. खपली काढणे या दोन्ही अवस्थांत उपयोगी पडते, कारण ते धडधडत्या शरीराला एका बिंदूवर आणून शांत करते आणि बधिर झालेल्याला जागे करते. कदाचित म्हणूनच या विकाराच्या लोकांमध्ये बालपणीच्या आघातांचे आणि आघातोत्तर ताणाचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. तरीही हा संबंध म्हणजे कारण नव्हे. ज्यांच्या आयुष्यात असा कोणताही आघात नाही अशी कितीतरी माणसे खपल्या काढतात, अनेकांची सुरुवात वयात येताना मुरुमांपासून होते, आणि जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचाही वाटा दिसतो. त्यामुळे खपल्यांवरून हरवलेली आठवण शोधायला निघू नये, असे मी आग्रहाने सांगते. आठवणी आग्रहापुढे नमतात, आणि खोदून काढलेली प्रत्येक गोष्ट घडलेलीच असते असे नाही.

शिवाय कारण सापडले म्हणून बोटे थांबत नाहीत. तिचीही थांबली नाहीत, आणि याचे तिला फार वाईट वाटले. मग आम्ही ‘हॅबिट रिव्हर्सल’ ही सवय मोडण्याची पद्धत घेतली, जी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नेथन अझ्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1973 मध्ये मांडली. हात वर जाऊ लागल्याचे अगदी सुरुवातीलाच ओळखायचे आणि ओढ ओसरेपर्यंत, निदान मिनिटभर, मूठ घट्ट मिटून धरायची. तिने मोठे करून दाखवणारा आरसा आणि चिमटा घरातून काढून टाकला, बाथरूममध्ये मंद दिवा लावला आणि ताज्या जखमांवर पट्टी चिकटवायला सुरुवात केली, म्हणजे बोटाला कडच सापडू नये. नवरा दिवसातून दहादा “हात काढ” म्हणत असे आणि त्याच्या त्या चढत्या स्वराने तिचा हात उलट जोरात चाले. हे त्याला समजावल्यावर त्याने बोलणे सोडले आणि शेजारी येऊन बसण्याची सवय लावून घेतली. या बदलाचा वाटा मी मोठा मानते.

औषधांविषयी तिने विचारले तेव्हा मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, कारण तो निर्णय त्यांचा असतो. जखमेभोवती लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला तर समुपदेशनाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे, आणि मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी मदत घ्यावी, हेही पहिल्याच भेटीत ठरलेले होते.

हात थोडे स्थिरावल्यावर आणि आवाज चढला तरी खोलीत बसून राहणे तिला जमू लागल्यावर मगच आम्ही त्या बंद दाराविषयी सविस्तर बोललो. त्याला बरेच महिने लागले. मधल्या काळात तिच्या दंडांवर नवी जखम नाही असे सलग काही आठवडे गेले.

मग वडील आजारी पडले आणि तिला त्यांच्याजवळ राहावे लागले. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. पूर्वी अशा वेळी ती “सगळं वाया गेलं” एवढेच म्हणत असे. या वेळी ती म्हणाली, “काल रात्री अकरा वाजता, बाथरूममध्ये, डावा दंड, चाळीस मिनिटं. त्याआधी ते नर्सवर ओरडले होते. पट्टी लावली आहे. गुरुवारची भेट उद्या घेता येईल का?”