ग्रेव्हजची (थायरॉइड जास्त चालण्याच्या आजाराची) गोळी चालू, इन्सुलिन कधीच घेतलं नाही, तरी इन्सुलिन अँटिबॉडी पॉझिटिव्ह, डायबिटीस होणार का?

नुसत्या त्या एका रिपोर्टवरून डायबिटीस होणारच असं नाही म्हणता येत. ग्रेव्हज आणि टाइप १ डायबिटीस दोन्ही ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे, एकाच माणसात सापडतात कधीकधी, म्हणून जीएडी अँटिबॉडी (टाइप १ ची खूण दाखवणारी तपासणी) अन एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून घ्या.

पण तुमची ग्रेव्हजची गोळी कार्बिमाझोल असेल, तर खरी गंमत वेगळीच आहे. ही गोळी शरीरात मेथिमाझोल होते, त्यात सल्फर असतं, आणि ठरावीक जीन असलेल्या लोकांत त्यामुळे इन्सुलिनविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात. ह्याला इन्सुलिन ऑटोइम्यून सिंड्रोम म्हणतात, जपानमधे डॉक्टर हिराता यांनी १९७० ला तो पहिल्यांदा सांगितला, तिकडेच जास्त दिसतो, आपल्याकडे क्वचित. होतं काय, जेवल्यावर सुटलेलं इन्सुलिन ह्या अँटिबॉडी धरून ठेवतात अन दोन-चार तासांनी भलत्याच वेळी सोडतात, मग शुगर धाडकन खाली, घाम, थरथर, छातीत धडधड. लोकांना वाटतं थायरॉइडच वाढलाय!! तेव्हा असं झालं की आधी ग्लुकोमीटर लावा, कमी आली तर साखर खा आणि आकडा डॉक्टरला दाखवा. नसांसाठी अल्फा लिपोइक अ‍ॅसिडवाली गोळी चालू असेल तर तीही सांगा, तिच्यानेही हेच होऊ शकतं. थायरॉइडची गोळी मनाने बंद करू नका, बदलायची तर एंडोक्रायनोलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) बदलतील, मग बहुतेकांचं हे दुखणं काही महिन्यांत आपोआप उतरतं.