नाशिकच्या द्राक्षबागांमधून ट्रॅफिक नसलेला ग्रॅव्हल रूट आहे का? त्यासाठी ग्रॅव्हल बाइक घ्यावीच लागेल का? कोणाकडे जीपीएक्स फाइल (फोनवर उघडणारा रूटचा नकाशा) असेल तर द्या.

रूटचे प्रश्न मी एरवी सोडून देतो, पण "ट्रॅफिक नसलेला" वाचलं आणि माझा मेहुणा आठवला, म्हणून लिहायला बसलो.

आधी कामाचं सांगतो. ग्रॅव्हल म्हणजे खडी-मुरमाचा कच्चा रस्ता, आणि ग्रॅव्हल बाइक म्हणजे त्यासाठीची जाड टायरची सायकल. रूट आहे. मखमलाबाद सोडलं की दरी, मातोरी, मुंगसरे हा सगळा पट्टा द्राक्षाचा, मधून मुरमाचे शिवरस्ते फिरतात, आणि पेठ रोड ओलांडून आशेवाडीला गेलात की रामशेजचा पायथा. पेठ रोडचा तेवढा तुकडा सोडला तर सकाळी 7 च्या आत दूधवाले, एखाद-दुसरी पिकअप आणि कुत्री, बाकी कोणी नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनऱ्यांकडे शनिवार-रविवार अजिबात जाऊ नका, तिथे मुंबईच्या गाड्यांची रांग असते. बाइकचं म्हणाल तर 40 मिमी टायर बसेल अशी कुठलीही सायकल चालते. माझी 10 वर्षं जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक आहे, सस्पेन्शन कधीच मेलंय, काही अडत नाही.

आता मेहुणा. पुण्यात आयटीत आहे. ऑफिसच्या कामाने इटलीला गेला आणि टस्कनीत किआंती भागात भाड्याची ग्रॅव्हल बाइक घेऊन 3 दिवस फिरून आला. तिथून आल्यावर त्याच्या तोंडी एकच, स्त्रादे बियांके. म्हणजे पांढरे रस्ते, चुनखडीचे, दोन्ही बाजूंनी द्राक्षं आणि सरूची झाडं, वर टेकडीवर ब्रोलिओचा किल्ला. फोटो खरंच छान होते, नाही म्हणत नाही. त्याच वर्षी भाऊबीजेला आला तो दीड लाखाची नवी ग्रॅव्हल बाइक गाडीच्या मागे टांगूनच आला. म्हणाला, दाजी, ताईने ओवाळायच्या आधी एक राउंड मारून येऊ, आंघोळ आल्यावर करू.

लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी तासभर पाऊस पडून गेलेला. ज्याच्या घरी बाग आहे त्याला हे सांगायला नको, ऑक्टोबर छाटणीच्या बागा दोड्यात (फुलोऱ्याच्या आधी), काही फुलोऱ्यात, आणि त्यात पाऊस म्हणजे डावणी, बुरशीचा रोग. त्यामुळे भाऊबीज असो नाहीतर काही असो, पहाटे 5 पासून सगळ्या शिवारात ट्रॅक्टर आणि औषध फवारायचे ब्लोअर चालू. आम्ही निघालो तर दर वळणावर समोरून ब्लोअर, आणि तो जाईपर्यंत हे साहेब बाजूला उभे राहून वैतागतायत, "दाजी, तुम्ही तर म्हणाला होतात ट्रॅफिक नसतं." अरे बाबा, तो रस्ता त्यांच्यासाठीच आहे, ट्रॅफिक आपण आहोत.

मातोरीच्या पुढे एक फाटा आहे, उजवीकडे मुरूम आणि सरळ काळी. मी म्हटलं उजवीकडून जाऊ, थोडं लांब पडेल पण चाक फिरेल. त्याच्या कोमूटवर, म्हणजे रूट दाखवणाऱ्या ॲपवर, सरळ रेघ दाखवत होती. मी दोनदा सांगितलं की ही काळी माती आहे, परवा पाऊस झालाय, तर म्हणे ग्रॅव्हल बाइक त्याच्यासाठीच असते. बरं म्हटलं. 200 मीटर गेला असेल नसेल, काळी अशी काही चढली की टायर दिसेना, फोर्क आणि चाकाच्या मधे ढेकूळ अडकून पुढचं चाक जाम, आणि याने खाली उतरून हाताने काढायचं सोडून जोर लावून पायडल मारला, तर मागे गिअर बदलणाऱ्या डिरेलरचा हँगर कटकन तुटला. मग दीड लाखाची सायकल आणि 2 किलो चिखल खांद्यावर घेऊन चालत निघालो, बुटाला पण तीच माती, प्रत्येक पावलाला उंची वाढतेय. बागेत थिनिंगला (घडांची विरळणी करायला) आलेल्या पेठ-सुरगाण्याच्या बाया काम थांबवून बघत होत्या. एक जण म्हणाली, चालवायची का उचलायची सायकल आहे ही? मी हसलो, तो नाही हसला.

शेवटी एका बागायतदाराने बघितलं. तो आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना ओळखणारा. चहा दिला आणि औषध मारायच्या एचटीपी पंपाला साधं पाणी जोडून गनने सायकल धुऊन दिली, वर विचारलं केवढ्याची. मेहुण्याने 15 हजार सांगितले. (खरी किंमत हिला आजही माहीत नाही, कृपया कोणी टॅग करू नका.)

इथपर्यंत गंमत होती. खरं भांडण जेवायला बसल्यावर झालं. हा म्हणाला, "दाजी, तुमच्याकडे ग्रॅव्हल नाहीये, तुमच्याकडे नुसते खराब रस्ते आहेत." वर हेही म्हणाला की इटलीत लोकांनी हे रस्ते वाचवले. ते बरोबरच आहे. गायोले गावात 1997 ला लेरोइका नावाची राइड सुरू झाली ती मुळात पांढऱ्या रस्त्यांवर डांबर पडू नये म्हणूनच, त्यात 1987 च्या आधीच्या जुन्या सायकली चालवतात, आणि नंतर 2007 पासून त्याच रस्त्यांवर मोठी प्रोफेशनल रेस होते, सिएनाच्या चौकात संपते. मग आण्णांना म्हणाला, तुम्ही पण डांबर होऊ देऊ नका, टुरिझम येईल.

आण्णांच्या ताटात पुरणपोळी तशीच राहिली. आमची 4 एकर बाग त्याच पट्ट्यात आहे, आणि तो दीड किलोमीटरचा रस्ता डांबरी व्हावा म्हणून आण्णा ग्रामपंचायतीपासून झेडपीपर्यंत 11 वर्षं अर्ज घेऊन फिरत होते. ते एवढंच म्हणाले, "तुला आवडतोय ना तो रस्ता, मग तू घेऊन जा पुण्याला."

मला तेव्हा बोलता आलं नाही, आता बोलतो. किआंतीचं द्राक्ष वाइनचं. ते बागेतून जवळच्या तळघरात जातं आणि तिथे त्याचा चेंदाच करायचा असतो. रस्त्यात चार दाणे फुटले तर कोण रडत नाही. आमचं थॉमसन खायचं द्राक्ष, त्याला रॉटरडॅमला देठ हिरवा आणि दाण्यावर लस्टर, म्हणजे पांढरट नैसर्गिक थर, घेऊन पोचायचंय. मुरमावर पिकअप हादरली की कॅरेटमधले मणी सुटतात, लस्टर पुसलं जातं, आणि व्यापारी गेटवरच भाव पाडतो. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेच्या ओळींवर धूळ बसते आणि लाल कोळी ही कीड तिथूनच सुरू होते. म्हणजे ज्या रस्त्याला तुम्ही ग्रॅव्हल म्हणता त्याचे पैसे दर सीझनला कडेच्या बागा भरतात. तिकडे पांढरा रस्ता परवडतो कारण बाटली महाग विकते आणि वर टुरिस्ट येतो, इकडे कोणाला परवडतो ते सांगा. नाशिकला भारताची वाइन राजधानी म्हणा खुशाल, बागा बहुतेक खायच्या द्राक्षाच्याच आहेत.

आणि माझीही गोची आहे, लपवत नाही. मला तो मुरूम आवडतो. नोव्हेंबरात सकाळी धुकं असताना टायरखाली जो कुरकुर आवाज येतो आणि समोर रामशेज हळूहळू उघडा पडतो, त्याच्यासाठी मी अलार्म न लावता उठतो. मेहुण्याचा ब्रोलिओ असेल सुंदर, पण रामशेज बघा, उंचीला काहीच नाही, वाटतं पोरं पण धावत चढतील, आणि 1682 ला औरंगजेबाच्या फौजेने वेढा घातला तर 5 वर्षं हातात आला नाही, शेवटी फितुरीने गेला. त्या दिवशी आम्ही तिथपर्यंत पोचलोच नाही. मेहुणा अजूनही तिथे गेलेला नाही आणि तरी मत देतो.

थोड्या गोष्टी राहिल्या. ब्लोअर चालू दिसला तर लांब थांबा, वारा तुमच्याकडे असेल तर मागे फिरा, ते पाणी नसतं. तसंच बाटली भरायची असेल तर बोअरचं पाणी मागून घ्या, ब्लोअरच्या टाकीजवळच्या ड्रमला हात लावू नका. कालव्याच्या भरावावरून जाणार असाल तर आवर्तन सुटलेलं असताना नको, कठडा नसतो. कुंपणाच्या बाभळीचे काटे ट्यूबलेस असला तरी सीलंटला दमवतात, म्हणून एक ट्यूब जवळ ठेवाच. पावसानंतर 3 दिवस काळीत जायचं नाही, हे वर कळलंच असेल. जानेवारी ते मार्च काढणी असते, तेव्हा पिकअप भरपूर आणि ड्रायव्हर घाईत, म्हणजे मी वर ट्रॅफिक नाही म्हटलं ते या 3 महिन्यांना लागू नाही.

आणि घड तोडू नका, एक पण नाही. फ्रान्समध्ये मेदोक भागात रस्त्याच्या कडेच्या वेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडायचे, 1880 च्या दशकात मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर डावणी नाही, आणि त्यातून आपलं बुरशीवरचं बोर्डो मिश्रण आलं. म्हणजे रस्त्याने जाणाऱ्यांचा त्रास तिकडेही जुनाच. मागितलं तर कोणी पण देईल, पिशवी भरून देईल.

जीपीएक्स फाइल मागितलीय, ती देणार नाही. फाइल टाकली की रविवारी 40 जण येतात, बांधावर सायकली टेकवून फोटो काढतात आणि मागे ब्लोअरवाला हॉर्न वाजवत उभा राहतो. गावांची नावं वर दिलीत, फाट्यावर विचारत जा, लोक सांगतात.

आण्णांचा रस्ता यंदा मंजूर झाला. कडेला खडीचे ढीग पडलेत, ठेकेदार म्हणतो दिवाळीनंतर डांबर. मेहुण्याला ढिगाचा फोटो पाठवला, म्हटलं बघ, आता खरोखरचं ग्रॅव्हल आलंय. त्याचा रिप्लाय आला, "दाजी, भाऊबीजेपर्यंत थांबतील का?" तुम्हालाही तेवढाच वेळ आहे.