वाचकांचे प्रश्न: सासूबाईंना घेऊन नीसला

प्रश्न: ताई, यंदा मेच्या सुट्टीत आम्ही पाच जण मेडिटेरेनियनच्या किनाऱ्यावर जायचं म्हणतोय, मी, मिस्टर, मुलगी ११ची, मुलगा ७चा आणि सासूबाई, त्या ७१च्या आहेत आणि गुडघे दुखतात. टूरवाले बार्सिलोना ते रोम नऊ दिवसात करून देतो म्हणतायत. आम्ही शाकाहारी आहोत. टूर घ्यावी की स्वतःच जावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: अहो, स्वतःच जा, आणि एकाच गावात मुक्काम करा. नऊ दिवसात बार्सिलोना ते रोम म्हणजे रोज सकाळी बॅग भरायची, बसमध्ये बसायचं आणि संध्याकाळी परत बॅग उघडायची, यात सासूबाईंचे पाय सुजतात आणि पोरांना समुद्र दिसतो तो खिडकीतून. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा आठही रात्री फ्रान्समधल्या नीसला राहिलो. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने लोकल ट्रेन जाते, विलफ्रान्श सात-आठ मिनिटांवर, मोनॅको अर्ध्या तासाच्या आत, आणि तासाभरात तुम्ही इटलीतल्या व्हेंतिमिलियाला पोचता. सकाळी जायचं, दुपारी घरी येऊन आडवं व्हायचं. मोनॅको सगळा चढ आहे पण रस्त्यांवरच सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, सासूबाई आरामात फिरल्या.

घर स्टेशनजवळ बघा आणि लिफ्ट आहे का हे लेखी विचारून घ्या. आमचं घर जुन्या भागात तिसऱ्या मजल्यावर निघालं, फोटोत जिना कुठेच नव्हता. पहिल्या दिवशी सासूबाई प्रत्येक वळणावर कठड्याला धरून उभ्या राहायच्या, मला फार वाईट वाटलं, त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग रोज एकदाच खाली उतरायचं ठरवलं आणि संध्याकाळी समुद्राकाठच्या प्रोमनाडवर निळ्या खुर्च्या असतात तिथे बसायचं, सपाट रस्ता, जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो.

आता महिना. मेमध्ये तिथलं पाणी साधारण १७-१८ डिग्री असतं, आपल्या मुरुड-गुहागरची सवय असलेली पोरं पाय घालून पळत बाहेर येतील. शाळा उघडायच्या आत जूनचा पहिला आठवडा साधता आला तर उत्तम. आणि नीसला वाळू नाहीये, गोटे आहेत, अनवाणी चालवत नाही, पाण्यात घालायचे रबरी बूट इथूनच न्या. वाळू हवी तर विलफ्रान्श, स्टेशनच्या खालीच बीच आहे.

खाण्याची काळजी करू नका. नीसला सोक्का म्हणून मिळतं, हरभऱ्याच्या पिठात पाणी, ऑलिव्ह ऑइल आणि मीठ, तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, कडा करपलेल्या, मध्ये मऊ, वरून मिरपूड. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं धिरडंच!" दुसऱ्या दिवशी त्यांनीच परत मागितलं. नीसच्या सॅलडमध्ये मात्र मासे असतात, आधी विचारा. किचनवालं घर घेतलंत तर थालीपिठाची भाजणी न्या, पण तूप, पेढे, खवा काही नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. हापूससुद्धा नाही, ताज्या फळांना रोपांच्या तपासणीचं सर्टिफिकेट लागतं.

व्हिसा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाचा काढायचा, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट भराभर संपतात म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच लागा. मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांना अर्धीच फी, मात्र मुलीचा बारावा वाढदिवस कधी ते बघून घ्या. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, सासूबाईंचा घेताना गुडघ्याचं आधीचं दुखणं कव्हर होतं का ते नीट वाचा.

प्रश्न: माझ्या मुलाला टिळक टँकवर पोहता येतं. नीसच्या समुद्रात सोडू का?
– एक बाबा, शनिवार पेठ

उत्तर: सोडा पण तुम्ही सोबत उतरा. भरती-ओहोटीचा फरक तिथे फार कमी असतो, कोकणासारखं पाणी लांब जाऊन परत येत नाही, त्यामुळे समुद्र शांत वाटतो. पण नीसला चार पावलांत पाणी खोल होतं आणि वारा सुटला की लाटा गोट्यांवर आपटतात, लहान मुलाला परत वर येताना पाय रोवता येत नाहीत. हिरवा झेंडा असेल तिथेच उतरा, लाल असेल तर नाहीच. कधीकधी जेलीफिश येतात, डंख झालाच तर चोळू नका आणि गोड पाण्यानेही धुवू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि लाईफगार्डला दाखवा.